अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यातील पाण्याचा सामू कसा सांभाळावा?

मुरबाड व शहापूर तालुक्यांत पावसाळ्यात पाणी ठेवायला जागा पुरत नाही आणि शिमगा झाला की हंड्याची रांग लागते. भातसा व तानसा ही मुंबईला पाणी पुरविणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, तरी कातळमाळावरच्या शेतकऱ्याला आपले पाणी आपणच साठवावे लागते. शेततळ्यांची कल्पना या भागात रुजली ती याच कारणाने. २०१६ साली राज्य शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणल्यानंतर शेततळ्यांची संख्या वाढली. मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही म्हणून तळाला व बाजूंना प्लास्टिकचे अस्तर घालण्यात येऊ लागले. पाणी साठलेच आहे तर त्यात कटला, रोहू, मृगळ सोडावेत, हाही विचार ओघाने आला.

विचार उत्तम आहे. मात्र अस्तर घातलेले तळे आणि गावचे जुने मातीचे तळे ही माशांच्या दृष्टीने दोन वेगळी ठिकाणे आहेत, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हा फरक मुख्यतः पाण्याच्या सामूत दिसून येतो.

एका तळ्याची हकीकत

टोकावडे भागातील एका शेतकऱ्याचे अस्तर घातलेले तळे ऑक्टोबरच्या उन्हात हिरवेगार झाले होते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले. त्यांनी सामू कागद आणून सकाळी सहाच्या सुमारास पाणी तपासले. सामू साडेसहा निघाला. पाणी आम्ल झाले आहे, चुना टाका, असा सल्ला त्यांना मिळाला. त्याप्रमाणे त्यांनी विरलेल्या चुन्याच्या दोन गोण्या भर दुपारी तळ्यात ओतल्या. संध्याकाळपर्यंत पाऊण किलोपर्यंत वाढलेले मासे पांढऱ्या पोटाने वर आले. दिवाळीत विकायचा माल होता तो.

आम्ही दुसऱ्या दिवशी तेथे गेलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असा होता की, सामू कमी होता म्हणून चुना टाकला, तर चुकले कोठे? प्रश्न अगदी रास्त होता. त्यांची मोजणी बरोबर होती, चुनाही चांगला होता. त्यांनी सामू फक्त सकाळी मोजला होता, एवढीच चूक झाली. दुपारी तीन वाजता तोच कागद बुडविला असता तर रंग नवाच्या पुढे गेलेला दिसला असता, आणि चुन्याची गोणी उघडलीच गेली नसती.

सामू म्हणजे काय?

जमिनीच्या आरोग्यपत्रिकेत आपण आम्ल-विम्ल निर्देशांक, म्हणजेच सामू, वाचतो. पाण्याचा सामू हीच गोष्ट. ही मोजपट्टी ० ते १४ अशी असते. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने ही पट्टी तयार केली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरच्या कारखान्याने चालविलेल्या प्रयोगशाळेत, ते काम झाले हे वाचून गंमत वाटते. या पट्टीवरचा एक अंक म्हणजे दहापट फरक असतो. सामू ७ वरून ९ झाला म्हणजे दोनाने वाढला असे दिसते, पण प्रत्यक्ष फरक शंभरपट असतो. म्हणून 'अर्धा-पाऊण इकडेतिकडे' असे म्हणून सोडून देता येत नाही.

कार्प माशांना साडेसात ते साडेआठ सामू मानवतो. साडेसहा ते नऊपर्यंत ते तग धरतात. चारच्या खाली किंवा अकराच्या वर ते जगत नाहीत.

दिवसाचे दोन सामू

तळ्यातील मासे, शेवाळ, जिवाणू हे सर्व रात्रंदिवस श्वसन करतात व कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. हा वायू पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनते. रात्रभर तो साठत जातो आणि पहाटे सामू सर्वांत कमी असतो. सूर्य वर आला की हिरवे शेवाळ अन्न तयार करण्यासाठी तोच वायू ओढून घेते, त्यामुळे सामू चढू लागतो व दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जास्त होतो. म्हणून तळ्याला एक सामू नसतो, दोन असतात. पाण्याची प्रकृती समजते ती या दोहोंतील अंतरावरून.

पहाटे साडेसात आणि दुपारी सव्वाआठ असेल तर पाणी निरोगी आहे. पहाटे साडेसहा आणि दुपारी साडेनऊ असेल तर माशाला रोज हजारपट फरकाच्या झोक्यावर बसविल्यासारखे आहे. वर सांगितलेल्या तळ्यात हेच चालले होते. पहाटे मासे तोंड वर काढत होते ते मुख्यतः ऑक्सिजन कमी पडल्यामुळे. हिरवे पाणी रात्री ऑक्सिजन खाते व कार्बन डायऑक्साइड सोडते. सामू उतरणे हे त्याच दुखण्याचे दुसरे लक्षण होते.

दुपारी सामू आधीच चढलेला असताना चुना पडला व तो आणखी चढला. त्याबरोबर आणखी एक शत्रू जागा झाला, तो म्हणजे अमोनिया. माशांच्या मलमूत्रातून व न खाल्लेल्या खाद्यातून अमोनिया पाण्यात येतच असतो. त्याचा विषारी भाग किती, हे सामूवर ठरते. आपल्याकडील पाण्याच्या तापमानाला, म्हणजे २८ ते ३० अंश सेल्सिअसला, सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो सुमारे सात टक्के होतो आणि ९ झाला की चाळीस टक्क्यांच्या वर जातो. पाण्यात अमोनिया नव्याने एक थेंबही आला नाही तरी नुसत्या सामूच्या चढण्याने तेच पाणी विषारी होते.

विम्लता : पाण्याचा पोटसाठा

मग काही तळ्यांत सामू स्थिर का राहतो व काहींत का हेलकावे खातो? याचे उत्तर विम्लतेत आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात तिला 'टोटल अल्कलिनिटी' म्हणतात. सामू आणि विम्लता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामू हा आजचा ताप आहे, विम्लता ही अंगातली ताकद आहे. पाण्यात विरघळलेले कार्बोनेट व बायकार्बोनेट आम्ल आले की ते पचवितात, आणि शेवाळाने कार्बन डायऑक्साइड ओढला की आपल्याजवळचा पुरवितात. हा साठा भरपूर असेल तर सामू जागचा फारसा हलत नाही. साठा नसेल तर एका ढगाळ दिवसानेही तो ढळतो.

ही विम्लता चुनखडीच्या हिशोबात, दर लिटरला मिलिग्रॅम, म्हणजेच पीपीएममध्ये मोजतात. मत्स्यतळ्यात ती किमान २० असलीच पाहिजे. ५० ते १५० असेल तर काळजी नको.

येथे समुद्राकडे थोडे पाहू. मुंबईत हौशी लोक घरात खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या ठेवतात व त्यात प्रवाळाच्या खडकांत राहणारे रंगीत मासे पाळतात. जुन्या पिढीने असे समुद्री मासे मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात पाहिले असतील. ते १९५१ साली सुरू झाले होते. अशा टाकीचा सामू ८.१ ते ८.३ च्या जवळपास ठेवावा लागतो, कारण समुद्राचा तोच असतो, आणि समुद्री जीवांना हेलकाव्याची सवय नसते. शंभर-दोनशे लिटरच्या टाकीत हे ठेवणे सोपे नाही. तेथेही पहाटे सामू उतरतो, संध्याकाळी चढतो. नवशिका हौशी माणूस सकाळी आकडा पाहून घाबरतो, बाजारातून सामू वाढविणारे द्रावण आणून ओततो, दुपारी आकडा जास्त झाला की कमी करणारे ओततो, आणि महिन्याभरात टाकी रिकामी होते. मुरलेला माणूस सामूच्या मागे लागत नाही. तो विम्लता मोजतो. समुद्राच्या पाण्याची विम्लता सुमारे ११५ ते १२० पीपीएम असते, ती तेवढी टिकवितो, त्यासाठी चुन्याची निवळी किंवा खाण्याचा सोडा थोडाथोडा देतो. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढून टाकीचा सामू उतरला असेल, तर तो खिडकी उघडतो. औषध हवे की हवा, हे तो आधी पाहतो. (प्रवाळ मात्र समुद्रातून काढून आणू नयेत. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून वाघाइतकेच, म्हणजे अनुसूची १ चे, संरक्षण आहे.)

अस्तर घातलेले आपले शेततळे गावतळ्यापेक्षा या काचेच्या टाकीच्या अधिक जवळचे आहे. मातीच्या तळ्यात तळाची माती पाण्याला क्षार पुरविते, आम्ल शोषून घेते. प्लास्टिकने हा व्यवहार तोडून टाकला. त्यात भरलेले पाणी पावसाचे. पावसाच्या स्वच्छ पाण्याचा सामूच मुळी ५.६ च्या आसपास असतो आणि त्यात विम्लता जवळजवळ नसते.

मुरबाड-शहापूरचे ओढ्यानाल्यांचे पाणीही याहून फार वेगळे नाही. येथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सह्याद्रीच्या पायथ्याला त्याहून अधिक. एवढ्या पावसाने वरकस जमिनीतला चुना वर्षानुवर्षे धुऊन नेला आहे. माळशेज घाट चढून पलीकडे, जुन्नर-शिरूरच्या कोरड्या पूर्व भागात गेले तर विहिरीच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर धरतो. तेथल्या तळ्याला चुना न टाकता चालते. म्हणून देशावरच्या पाहुण्याने दिलेला सल्ला घाटाखाली जसाच्या तसा लागू करू नये. घरच्या गृहिणीला पाण्याची जात प्रयोगशाळेच्या आधी कळते. ज्या पाण्यात डाळ चटकन शिजते आणि साबणाला भरपूर फेस येतो ते पाणी मृदू, आणि बहुधा विम्लतेतही गरीब असते.

मोजणी कशी करावी?

निळा-तांबडा लिटमस कागद उपयोगाचा नाही, तो फक्त आम्ल की विम्ल एवढेच सांगतो. रंगपट्टी असलेला सामू कागद घ्यावा व तो कोरड्या डबीत ठेवावा. पेनासारखा सामूमापक घेतल्यास ७ व ९.२ सामूच्या प्रमाण द्रावणात तो अधूनमधून तपासून घ्यावा, नाहीतर महिन्याभराने तो मनाचे आकडे दाखवू लागतो. पाणी काठावरचे न घेता हातभर खोलीतून घ्यावे. सूर्योदयापूर्वी एकदा व दुपारी तीनला एकदा, असे आठवड्यातून एक दिवस मोजून वहीत लिहावे. विम्लता महिन्यातून एकदा मोजली तरी पुरते. त्यासाठी थेंब मोजून टाकण्याचा संच मिळतो. तो नसल्यास स्वच्छ बाटलीत काठोकाठ पाणी भरून प्रयोगशाळेत द्यावे.

सकाळचा सामू कमी दिसला तर लगेच चुन्याकडे धावू नये. आधी पुढील परीक्षा करावी. तळ्यातील बादलीभर पाणी घ्यावे व चहा थंड करतात तसे दोन बादल्यांतून वरून धार धरून पंधरा-वीस मिनिटे इकडून तिकडे ओतावे. नंतर पुन्हा सामू पाहावा. तो अर्ध्या-पाऊण अंकाने वर आला, तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडला होता असे समजावे. अशा वेळी तळ्याला हवा हवी आहे. पंपाने तेच पाणी उचलून उंचावरून तळ्यात पाडावे, खाद्य दोन दिवस बंद ठेवावे, शेण टाकणे थांबवावे. ओतूनही सामू हलला नाही, तर पाण्यात पोटसाठाच नाही. मग चुनखडी द्यावी. या परीक्षेला खर्च शून्य आहे, आणि टोकावड्याच्या त्या तळ्यातले मासे तिने वाचले असते असे आम्हाला वाटते.

कोणता चुना, किती?

बाजारात 'चुना' या एका शब्दाखाली तीन वस्तू मिळतात. कळीचा चुना सर्वांत तीव्र, पाणी लागताच तापतो. तो विरवला की विरलेला चुना. तिसरी चुनखडीची भुकटी, ही सौम्य. १०० किलो चुनखडी जेवढे आम्ल मारते तेवढे विरलेला चुना सुमारे ७४ किलोत व कळीचा चुना ५६ किलोत मारतो. पण मासे असलेल्या तळ्यात स्वस्त-महाग एवढाच विचार करू नये. पहिल्या दोन प्रकारांनी पाण्याचा सामू अकरा-बाराच्या घरात जाऊ शकतो. चुनखडीची भुकटी कितीही पडली तरी सामू साधारण सव्वाआठ-साडेआठच्या पुढे ढकलत नाही, कारण त्यापुढे ती विरघळतच नाही. अस्तराच्या तळ्यात मासे सोडल्यानंतर भुकटीच वापरावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशोब सोपा आहे. एक घनमीटर पाण्यात एक ग्रॅम चुनखडी विरघळली की विम्लता एक पीपीएमने वाढते. वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल व बाजूंना एकास एक उतार असलेले तळे काठोकाठ भरले तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी असते. त्याची विम्लता ३० ने वाढवायची तर २,२०० गुणिले ३० ग्रॅम, म्हणजे ६६ किलो भुकटी लागेल. ती सर्व विरघळत नाही, थोडी तळाशी बसते, म्हणून काही जास्त धरावी. एकदम न टाकता आठवड्याच्या अंतराने तीन हप्त्यांत, पाण्यात कालवून, सकाळच्या वेळी सर्वत्र शिंपडावी. महिन्याने पुन्हा विम्लता मोजावी. कोकणपट्टीत शिंपल्यांची भुकटी मिळते, ती याच जातीची वस्तू आहे. अख्खे शिंपले पोत्यात बांधून तळ्यात सोडण्याची युक्ती काहीजण सांगतात. त्याने नुकसान नाही, पण सामू आठच्या जवळ असला की शिंपले विरघळत नाहीत, तेव्हा त्यावर भरवसा ठेवून मोजणी सोडू नये.

कूपनलिका असल्यास तिचे पाणी तपासून घ्यावे. ते पुष्कळदा पावसाच्या पाण्यापेक्षा विम्लतेत बरेच श्रीमंत असते आणि थोडे मिसळले तरी चुन्याचे काम होते. मात्र ते थेट तळाशी न सोडता उंचावरून फवाऱ्यासारखे पाडावे, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन नसतो व कार्बन डायऑक्साइड असतो.

बीज सांभाळण्याच्या लहान टाकीसाठी खाण्याचा सोडा चालतो. हजार लिटरला ३४ ग्रॅम सोड्याने विम्लता २० ने वाढते. धुण्याचा सोडा वापरू नये, त्याने सामू एकदम उसळतो.

मातीच्या तळ्याची रीत वेगळी. तेथे पाणी भरण्यापूर्वी तळाच्या मातीचा सामू पाहून कळीचा चुना टाकतात. मातीचा सामू ४ ते ५ असल्यास हेक्टरी २,००० किलो, ५ ते साडेसहा असल्यास १,००० किलो, साडेसहा ते साडेसात असल्यास ५०० किलो, साडेसात ते साडेआठ असल्यास २०० किलो, त्यावर असल्यास चुना नको. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, तेव्हा गुंठ्याला अनुक्रमे २०, १०, ५ व २ किलो. चुना टाकल्यावर शेणखत, युरिया किंवा सुपर फॉस्फेट लगेच टाकू नये, किमान पंधरा दिवस जाऊ द्यावेत. चुन्याच्या सान्निध्यात युरियाचा अमोनिया होतो आणि सुपर फॉस्फेटमधील स्फुरद अडकून बसते. कळीचा चुना विरवताना डोळ्यांवर चष्मा व तोंडाला फडके बांधावे, मुलांना जवळ येऊ देऊ नये.

तुरटी नको

पहिल्या पावसाचे गढूळ पाणी निवळावे म्हणून तळ्यात तुरटी फिरविण्याची सवय काही ठिकाणी आहे. पिण्याच्या हंड्यात ती ठीक आहे. तळ्यात दर एक मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम विम्लता खाऊन टाकते. ज्या पाण्यात मुळात १५-२० पीपीएमच पुंजी आहे, तेथे ४० पीपीएम तुरटी फिरविली की पुंजी संपली व सामू कोसळला. गढूळपणा निवळू द्यावा. तोपर्यंत बीज सोडण्याची घाई करू नये.

दुपारचा सामू जास्त असल्यास

हे दुखणे ऑक्टोबरपासून दिसते. आकाश निरभ्र, पाणी तापलेले आणि शेण-खाद्याने पोसलेले शेवाळ. दुपारी सामू साडेनऊच्या वर जात असेल तर शेण व युरिया पूर्ण थांबवावे, खाद्य निम्मे करावे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा, बोटे दिसेनाशी झाली तर शेवाळ फार झाले. शक्य असल्यास चौथाई पाणी भाजीपाल्याला काढून नवीन पाणी घ्यावे. काढलेले पाणी वाया जात नाही, भेंडी-काकडीला ते खतासारखे लागते. आम्ल ओतून सामू उतरविण्याच्या भानगडीत पडू नये. ते आम्ल उरलीसुरली विम्लता खाते आणि दुसऱ्या दिवशी हेलकावा अधिकच वाढतो.

बीज सोडताना

वलगणीला ओढ्यातून चढणारे मासे आपल्या पायाने, आपल्या वेगाने नवीन पाण्यात येतात. पिशवीतून आलेल्या बोटुकलीला ती सवड नसते. प्रवासात पिशवीतील पाण्याचा सामू श्वसनाने उतरलेला असतो आणि आपले तळे दुपारी नवावर असू शकते. पिशवी एकदम पालथी केली तर बीज तेव्हा मरत नाही, दोन दिवसांनी तळाशी मरते व दिसतही नाही, आणि मग विक्रेत्याशी भांडण होते. म्हणून बीज सकाळी लवकर, तळ्याचा सामू खाली असताना सोडावे. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी तांब्याने थोडेथोडे आत घालत आणखी अर्धा तास घालवावा. नंतर पिशवी आडवी करून धरावी, बोटुकली आपणहून बाहेर पडू द्यावीत. ज्या पिशवीतील बीज बाहेर न पडता तोंडाशीच घुटमळते, तिचे तोंड पुन्हा वर धरून आणखी दहा मिनिटे पाणी घालावे.